सहा आठवड्यांचा प्रश्न: लहान मुलांच्या मांडीच्या हाडाचा इतिहास, वाशीमहून

१/ माझे मोठे काका चालताना उजवे पाऊल बाहेरच्या बाजूस टाकतात. १९७२ साली, वयाच्या आठव्या वर्षी, मंगरूळपीर तालुक्यातील आमच्या गावी ते बैलगाडीवरून पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. आजी तो सारा प्रसंग एका वाक्यात सांगत असे: "हाड जुयलं, पण पाय वयला." इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर या वाक्याचे मोल कळले. लहान मुलाच्या मांडीचे हाड मोडले तर माणसाने दोन हजार वर्षांत काय केले, शस्त्रक्रिया त्यात केव्हा आली आणि कशासाठी आली, हे आजच्या धाग्यात पाहू.

२/ आधी हाडाविषयी थोडे. ऊर्वस्थी हे शरीरातील सर्वांत लांब आणि सर्वांत मजबूत हाड. त्याभोवती शरीरातील अत्यंत ताकदवान स्नायू असतात. हाड मोडताच हे स्नायू आकसतात, दोन्ही तुकडे एकमेकांवर सरकतात आणि पाय आखूड दिसू लागतो. म्हणून या हाडाच्या उपचाराचा जुना इतिहास म्हणजे मुख्यतः स्नायूंच्या ओढीविरुद्ध पाय ताणून धरण्याचा इतिहास आहे. मुलांच्या हाडाचे दोन विशेष मात्र वेगळे: त्यावरील आवरण जाड असल्याने ते झपाट्याने जुळते, आणि ते अजून वाढत असते. पुढील साऱ्या कथेचे धागे या दोन गोष्टींपाशी येऊन मिळतात.

३/ वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाशीमला सापडलेला विंध्यशक्ती द्वितीयाचा ताम्रपट आपल्याला वंशावळ सांगतो, दान दिलेल्या गावाची माहिती देतो. राजे आणि दाने यांची नोंद तांब्यावर झाली. गाडीवरून पडलेल्या मुलांची नोंद कोणी कोरून ठेवली नाही. त्यांच्यासाठी वैद्यकग्रंथांकडे वळावे लागते, आणि त्यांत पहिले नाव अर्थातच सुश्रुतसंहितेचे.

४/ सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अस्थिभंगाचे वर्गीकरण आहे: सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा. चिकित्सास्थानात त्यांवरील उपचार येतात. फळ्यांच्या जागी झाडांच्या साली आणि बांबू वापरावेत असे सांगून ग्रंथ नावे देतो: मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड. वाशीम परिसरातल्या कोणालाही ही यादी परकी वाटणार नाही. यांतली बहुतेक झाडे आजही आपल्या बांधांवर आणि माळांवर उभी आहेत.

५/ मांडी किंवा नडगी मोडलेल्या रुग्णासाठी सुश्रुतसंहिता 'कपाटशयन' सांगते. रुग्णाला लाकडी फळीवर निजवायचे आणि पाय हलू नये म्हणून फळीला पाच खुंट्या ठोकून त्यांना तो बांधायचा. मोडलेल्या हाडाच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे स्थिर केल्याखेरीज मांडीचे हाड स्थिर राहत नाही, हे आजचे तत्त्व त्या खुंट्यांच्या मांडणीत स्पष्ट दिसते.

६/ त्याच प्रकरणातील दोन निरीक्षणे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले बंधनाविषयी: सैल बांधले तर हाड स्थिर राहत नाही, घट्ट बांधले तर सूज, वेदना आणि पू. दुसरे वयाविषयी: बालवयात सांधा एका महिन्यात पक्का होतो, मध्यम वयात त्याला दुप्पट काळ लागतो आणि उतारवयात तिप्पट. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, त्याच्या हाडाचा हिशेब निराळा, ही जाणीव येथे स्वच्छ नोंदलेली आहे.

७/ ग्रंथ पंडितांच्या घरी राहिले. गावोगावी पाय बांधले ते हाडवैद्यांनी. बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या, वर लेप, आणि पिढ्यान्‌पिढ्या बोटांत उतरलेला अंदाज. त्यांच्या हातून असंख्य मुलांची हाडे जुळली, आणि ती जुळण्याचे निम्मे श्रेय मुलांच्या हाडांचे होते. धोका होता तो घट्ट बांधण्याचा. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यतज्ज्ञाने १८८१ मध्ये दाखवून दिले की आवळलेल्या पट्टीखाली रक्तपुरवठा तुटला तर स्नायू मरतात आणि अवयव कायमचा आखडतो. सुश्रुतसंहितेने दिलेला इशारा आणि फोल्कमानचे निदान एकाच चुकीविषयी आहेत.

८/ हाडवैद्य हे केवळ आपल्याकडचे नव्हेत. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या एका हाडवैद्य घराण्यात १८३४ साली ह्यू ओवेन थॉमस जन्मला. वडील परंपरागत हाडवैद्य. मुलगा रीतसर वैद्यकशास्त्र शिकून लिव्हरपूलच्या गोदी-कामगारांवर उपचार करू लागला. त्याने तयार केलेली लोखंडी सांगाड्याची फळी 'थॉमस स्प्लिंट' म्हणून ओळखली जाते. जांघेपाशी कडे, दोन्ही बाजूंनी सळया, आणि पाय खाली ओढून बांधण्याची सोय. पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती फळी आघाडीवर पोहोचवली आणि मांडी मोडलेल्या असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. भारतातील रुग्णालयांतही ती आजतागायत वापरात आहे.

९/ मुलांसाठी स्वतंत्र विचार केला तो लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील थॉमस ब्रायंट याने, १८७० च्या दशकात. दोनतीन वर्षांच्या बाळाचे दोन्ही पाय सरळ वर, आडव्या दांडीला टांगायचे, इतके की ढुंगण गादीपासून किंचित उचलले जावे. बाळाचे स्वतःचे वजनच ताण देते. युक्ती साधी आणि परिणामकारक होती. पण मूल वजनाने मोठे असेल किंवा पट्टी आवळली गेली असेल तर पावलाचा रक्तपुरवठा बंद पडण्याची भीती होती. फोल्कमानचा धडा येथेही लागू पडतो.

१०/ दुसरी वाट प्लास्टरची. अँटोनियस मॅथायसेन या डच लष्करी वैद्याने प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये माखलेल्या पट्टीची पद्धत १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. मांडीच्या हाडासाठी हे प्लास्टर छातीखालपासून थेट पायापर्यंत घालावे लागते. त्याला 'स्पायका' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कणीस. पट्टीचे वेढे एकमेकांवर चढत जातात तेव्हा गव्हाच्या ओंबीसारखी वीण दिसते, म्हणून हे नाव. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि प्लास्टरच्या आत हाड कोठे आहे, हे प्रथमच डोळ्यांना दिसू लागले.

११/ आता या साऱ्या उपायांना लागणारी एक समान गोष्ट पाहू. कपाटशयन असो, कामट्या असोत, ब्रायंटची दांडी असो की प्लास्टर, प्रत्येकाला आठवडे लागतात. शाळकरी वयाच्या मुलाला ताण आणि प्लास्टर मिळून दीडदोन महिने सहज जातात. तोवर मूल उठत नाही, वळत नाही, शौचालाही जाऊ शकत नाही. त्याच्यापाशी कोणीतरी सतत हवे. वैद्यकाच्या इतिहासात रोग, औषध, वैद्य यांची नावे येतात. त्या सहा आठवड्यांत उशाशी बसलेल्या बाईची मजुरी कोणी भरून दिली, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही.

१२/ वऱ्हाडात त्या प्रश्नाला अंतराची जोड होती. इंग्रजी अमलात बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता; १९०५ मध्ये तो मोडून त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळ यांत वाटले गेले. जिल्ह्याचे ठाणे गेले की त्याबरोबर येणाऱ्या सोयीही दुसरीकडे वाढतात. वाशीममध्ये मेथडिस्ट मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल होते. पण पुढच्या उपचारांसाठी लोकांनी अकोल्याची आणि नागपूरची वाट धरली. नागपुरात १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल आणि १९४७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मोडलेल्या मांडीचे मूल घेऊन बैलगाडी, मग मोटार, मग आगगाडी, असा तो प्रवास होता.

१३/ आमच्या घरात १९७२ साली नेमके हेच झाले. वर्ष टंचाईचे. आजी आणि आजोबा दोघेही रोजाने कामावर. मोठ्या दवाखान्यात न्यायचे तर दीड महिना एकाने तेथे राहायचे, म्हणजे घरातली निम्मी मिळकत बंद. मागे आणखी तीन लेकरे. शेजारच्या गावचा हाडवैद्य आला, कामट्या बांधून गेला. आजी पहाटे काकांचे सगळे आवरून कामावर जाई, दुपारी आत्या, वय वर्षे दहा, त्यांच्यापाशी बसे. त्या वर्षी आत्याची शाळा सुटली, ती पुन्हा सुरू झाली नाही. मोडले होते काकांचे हाड. त्याची किंमत घरात अशी वाटली गेली.

१४/ "पाय वयला" म्हणजे शास्त्रीय भाषेत काय? मुलाचे हाड वाकडे जुळले तर वाढीच्या ओघात बरेचसे सरळ होते. आखूड जुळले तरी दोन ते दहा वर्षे वयात मोडलेली मांडी सरासरी सेंटिमीटरभर जास्त वाढते, कारण जखम भरताना वाढलेला रक्तपुरवठा वाढीलाही चालना देतो. पण तुकड्यांना पीळ पडून हाड जुळले, तर तो पीळ वाढीने फारसा जात नाही. कामट्या मांडीला धरतात, पावलाचे फिरणे त्यांना रोखता येत नाही. काकांचे हाड जुळले, लांबीही जवळपास भरून आली, पीळ तेवढा राहिला. आजीचे निदान अचूक होते.

१५/ त्याच काळात प्रौढांच्या बाबतीत चित्र पालटले होते. जर्मनीतील कील येथे गेऱ्हार्ड क्युन्चर याने १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी खिळा घालून तुकडे आतून जोडले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून सुटलेले वैमानिक मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या मांडीत असे खिळे पाहून तेथील शल्यतज्ज्ञ चकित झाले. ज्या रुग्णाला महिनोन्‌महिने खाटेवर पडावे लागे, तो काही दिवसांत उभा राहू लागला. पेनिसिलिनमुळे जंतुसंसर्गाची भीतीही कमी झाली होती.

१६/ मग हा खिळा मुलांना का घालता येईना? कारण मुलाच्या हाडाला टोकांपाशी वाढीच्या चकत्या असतात. ऊर्वस्थीची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या चकतीतून होते. तिला छेद गेला तर पाय खुंटतो किंवा वाकडा वाढतो. वरच्या टोकाला दुसरे संकट. ताठ खिळा खुब्यापाशी जेथून आत शिरे, तेथूनच ऊर्वस्थीच्या डोक्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात. त्या दुखावल्या तर मुलाचा खुबाच निकामी होण्याचा धोका. मांडी वाचवायची आणि खुबा गमवायचा, असा सौदा कोण करील?

१७/ म्हणून अमेरिकेतील वॉल्टर ब्लाउंट यांच्यासारख्या तज्ज्ञांनी १९५० च्या दशकात आग्रहाने सांगितले की मुलांच्या अस्थिभंगात शक्यतो सुरी लावू नये. हा सनातनीपणा नव्हता. हाड आपले आपण जुळत असताना धोका का पत्करावा, असा सरळ युक्तिवाद होता, आणि हाडाच्या बाजूने पाहिले तर तो बरोबरच होता. त्या युक्तिवादात घराचा हिशेब मात्र नव्हता.

१८/ भारतात मुलांच्या अस्थिरोगांकडे लक्ष वेधले ते प्रामुख्याने पोलिओने. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. त्यांनी १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी काम सुरू केले. चौपाटीवरील लहानशा दवाखान्यापासून निघालेले हे काम पुढे हाजीअलीच्या मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयापर्यंत पोहोचले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९५५ मध्ये भारतीय अस्थिरोगतज्ज्ञांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली होती. मुलाचा पाय हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे, हे आपल्याकडे अशा वाटेने रुजत गेले.

१९/ कोंडी फुटली ती फ्रान्समधील नान्सी शहरात, १९७० च्या दशकाच्या अखेरीस. जाँ-पॉल मेटेझो, प्रेव्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताठ खिळ्याऐवजी दोन बारीक, लवचिक खिळे घेतले. गुडघ्याच्या वर, वाढीच्या चकतीला स्पर्श न करता, दोन्ही बाजूंनी लहान छिद्रे पाडून ते आत सरकवायचे. खिळे आधीच धनुष्यासारखे वाकवलेले असतात. पोकळीत ते परस्परविरुद्ध दिशांनी भिंतींवर दाब देतात आणि हाड सरळ तोलून धरतात. किंचित हालचाल शिल्लक राहते, आणि तीच नवे हाड तयार होण्यास मदत करते. चकतीही वाचली, खुब्याच्या रक्तवाहिन्याही वाचल्या.

२०/ १९८८ मध्ये या गटाने मुलांच्या मांडीच्या १२३ अस्थिभंगांचा अहवाल प्रसिद्ध केला. हाडाचा जंतुसंसर्ग एकाच मुलाला झाला. जुळण्यास विलंब कोठेही नव्हता. मुख्य तक्रार होती ती गुडघ्यापाशी खिळ्याचे टोक त्वचेला टोचण्याची. पुढे २००४ मध्ये अमेरिकेत ८३ मुलांची तुलना झाली: काहींना ताण आणि प्लास्टर, काहींना लवचिक खिळे. खिळे घातलेली मुले लवकर चालू लागली आणि लवकर शाळेत परतली. हाड दोन्हीकडे जुळले. फरक पडला तो आठवड्यांत.

२१/ खिळा टायटॅनियमचा असावा की पोलादाचा? टायटॅनियम महाग, म्हणून चांगले असा समज सहज होतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वाकडे जुळण्याचे प्रमाण टायटॅनियमच्या खिळ्यांत सुमारे २३ टक्के, तर स्टेनलेस स्टीलच्या खिळ्यांत सुमारे ६ टक्के आढळले. एका अभ्यासावरून अंतिम निर्णय होत नाही. पण स्वस्त खिळा म्हणजे हलका उपचार, हे समीकरण त्याने नक्कीच मोडले. आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी ही बातमी लहान नव्हे.

२२/ आजची सर्वसाधारण रीत अशी: सहा महिन्यांखालील बाळाला पट्ट्यांचा हार्नेस किंवा प्लास्टर, पाच वर्षांपर्यंत बहुतेकदा स्पायका प्लास्टर, पाच ते अकरा वर्षांत लवचिक खिळे, त्यापुढे किंवा वजन जास्त असल्यास खुब्याच्या बाहेरील बाजूने घातलेला ताठ खिळा अथवा पट्टी. म्हणजे जुने उपाय बाद झालेले नाहीत. तीन वर्षांच्या मुलाला आजही प्लास्टरच योग्य ठरते. सुश्रुतसंहितेने केलेली वयाची विभागणी नव्या रूपात टिकून आहे.

२३/ खिळा बारीक असला तरी त्यामागचा पसारा मोठा असतो. भूलतज्ज्ञ हवा, शस्त्रक्रिया चालू असताना हाड दाखवणारे सी-आर्म यंत्र हवे, मुलांचा अनुभव असलेला शल्यतज्ज्ञ हवा. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. २००२ मध्ये अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. वाशीम त्यांत नव्हते, दुसऱ्या टप्प्यात २०१३ मध्ये आपला समावेश झाला. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचे नाव लागले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचेही आहे.

२४/ २०२२ मध्ये काकांचा नातू, माझा पुतण्या, उभ्या ट्रॉलीवरून पडला. वय नऊ, तीच मांडी, तसाच आडवा अस्थिभंग. अकोल्यात दोन लवचिक खिळे घातले. आठवड्याच्या आत तो घरी आला, कुबड्यांवर शाळेत गेला, वर्षाने खिळे काढले. त्याची आई सोयाबीनच्या सोंगणीला चार दिवस उशिरा गेली, एवढेच. त्याच्या बहिणीची शाळा एक दिवसही बुडाली नाही. काकांनी नातवाची पावले अंगणात निरखून पाहिली आणि म्हणाले, "याचा नाई वयला."

२५/ या इतिहासातून मला एवढेच सांगायचे आहे की लहान मुलाचे हाड जोडण्याचे काम निसर्ग पूर्वीही करीत होता. शस्त्रक्रियेने पीळ टाळला, आणि घराला त्याचे सहा आठवडे परत दिले. म्हणून एखाद्या जिल्ह्यात ही सोय आहे की नाही, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच बायकांच्या मजुरीचा आणि मुलींच्या शाळेचा आहे. नव्या महाविद्यालयाकडे मी त्या नजरेने पाहतो.

२६/ जाता जाता व्यवहाराचे. मुलाची मांडी मोडल्याची शंका आली तर पाय ओढू नका, चोळू नका, आवळून बांधू नका. दोन्ही पायांमध्ये घडी घातलेली चादर ठेवून ते एकत्र हलकेच बांधा, पायाची बोटे उघडी ठेवा, त्यांचा रंग आणि ऊब पाहत राहा, आणि १०८ ला फोन करा.

२७/ आणि एक विनंती. आपल्या घरी कामट्या, प्लास्टर, वजने लावून ताणलेला पाय, असे काही कोणाच्या बालपणी घडले असेल तर प्रतिसादात जरूर लिहा: साल, तालुका, किती आठवडे, आणि पाशी कोण बसले. व्यक्तींची नावे नकोत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दप्तरात मिळत नाही. ते फक्त घरांत आहे.